हा माणूस कोणाचा?

गणपती उठले की पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत एका विशिष्ट जाहिरातीची गर्दी सुरू होते. शनिवार-रविवार, पंचतारांकित हॉटेलचं सभागृह, सकाळी अकरा ते रात्री आठ, दुबईतल्या घरांचं प्रदर्शन. आत शिरलं की काचेखाली मांडलेली अख्खी वसाहत दिसते: निळं तळं, पांढरे मनोरे, खजुराची झाडं. टेबलापलीकडचा तरुण नाव विचारतो, आडनाव ऐकतो आणि हिंदीवरून मराठीवर येतो. "काका, मूळचे साताऱ्याचे का? माझं आजोळ कोरेगावचं." काकूंसाठी चहा येतो. मुलगा कुठे असतो, निवृत्तीला किती वर्षं राहिली, गावाकडची जमीन विकली का, हे सगळं गप्पांच्या ओघात निघतं. मग कॅल्क्युलेटर पुढे सरकतो. पहिला हप्ता फक्त वीस टक्के, दुबईत आयकर नाही, भाडं आठ टक्के, आणि ही किंमत रविवार संध्याकाळपर्यंतच. "पाडव्याचा मुहूर्त साधा, काका. बाकी मी आहे ना."

दुबईत घर घेणं हे आता फक्त हिरे व्यापाऱ्यांचं किंवा सिनेमावाल्यांचं काम राहिलेलं नाही. दुबईचे तेव्हाचे युवराज शेख मोहम्मद यांनी २००२ मध्ये परदेशी नागरिकांना मालकी हक्काने घरं घ्यायची वाट मोकळी केली आणि २००६ च्या ७ क्रमांकाच्या कायद्याने तिला पक्कं रूप दिलं. ठरवून दिलेल्या भागांतच परदेशी माणूस मालक होऊ शकतो. दुबई मरीना, बिझनेस बे, जुमेरा व्हिलेज सर्कल ही त्यांतली आपल्याकडे तोंडी झालेली नावं. २०२४ मध्ये जगभरच्या पत्रकारांनी एकत्र येऊन दुबईच्या मालमत्तांची फुटलेली कागदपत्रं तपासली. त्या नोंदींप्रमाणे परदेशी मालकांत भारतीय पहिल्या क्रमांकावर होते: सुमारे २९,७०० माणसं आणि सुमारे ३५,००० मालमत्ता. त्यांत तिथेच नोकरी-धंदा करणारे पुष्कळ आहेत. पण पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात राहून तिकडे घर घेणाराही आता दिसू लागला आहे. हा लेख त्याच्यासाठी आहे, कारण तो सर्वांत जास्त एजंटच्या भरवशावर असतो. इमारत त्याने पाहिलेली नसते, कायदा माहीत नसतो, तिथलं न्यायालय त्याच्या आवाक्यात नसतं. त्याच्या आणि त्याच्या आयुष्यभराच्या बचतीच्या मध्ये एकच माणूस उभा असतो.

तो चांगला की वाईट, हे चेहऱ्यावरून, बोलण्यावरून, आजोळावरून कळत नाही. मुलीसाठी स्थळ पाहताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो, पण दोन-अडीच कोटींचा व्यवहार ज्याच्या हाती द्यायचा त्याला त्याचा परवाना विचारायला आपल्याला संकोच वाटतो. आणि परवान्याच्याही आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: हा माणूस कोणाचा? म्हणजे या व्यवहारात त्याला पैसे कोण देतं, आणि कधी देतं?

दुबईत घर दोन प्रकारे विकत मिळतं. एक तयार घर, ज्याचा आधीचा मालक आहे आणि ज्यात बहुधा भाडेकरू राहतोय. दुसरं बांधकाम चालू असलेलं किंवा अजून सुरूही न झालेलं, थेट बिल्डरकडून. तयार घरात प्रघात असा, की खरेदीदार आपल्या एजंटला किमतीच्या २ टक्के आणि त्यावर ५ टक्के व्हॅट देतो. बिल्डरकडून घेताना खरेदीदाराला एजंटला काहीच द्यावं लागत नाही. "आमची सर्व्हिस तुम्हाला फ्री आहे" हे वाक्य प्रदर्शनात हमखास ऐकू येतं, आणि ते खरंही असतं. एजंटला बिल्डर देतो, आणि बहुतेक वेळा २ टक्क्यांहून बराच जास्त. जो प्रकल्प विकला जात नाही त्यावर दलाली वाढवली जाते. म्हणजे एजंटला सर्वांत जास्त पैसे देणारं घर आणि तुमच्या हिताचं घर या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि त्याच्या हातातल्या माहितीपत्रकांच्या गठ्ठ्यात कुठलं सर्वांत वर ठेवायचं हे त्याने ठरवायचं असतं.

यात बेकायदा काहीच नाही. बिल्डरचा विक्रेता म्हणून काम करणं हा सरळ व्यवसाय आहे. घोळ होतो तो खरेदीदार त्याला आपला सल्लागार समजू लागतो तेव्हा. चांगला एजंट ही गोष्ट स्वतःहून सांगतो: या प्रकल्पात मला बिल्डर पैसे देतो, अमुक इतके टक्के देतो, तेव्हा माझं बोलणं त्या हिशेबाने घ्या. असं सांगणारा भेटला तर त्याचं पुढचं बोलणं लक्ष देऊन ऐकावं. थेट विचारल्यावर जो विषय बदलतो, त्याच्याकडे पुन्हा न गेलेलं बरं.

त्यात आपल्याकडे आणखी एक कडी असते. पुण्यात टेबलाशी बसलेला तरुण पुष्कळदा दुबईतला ब्रोकर नसतोच. तो इथला चॅनेल पार्टनर असतो. गिऱ्हाईक आणून द्यायचं आणि तिथल्या कंपनीला मिळालेल्या दलालीतला वाटा घ्यायचा, एवढं त्याचं काम. सही झाली की त्याचा संबंध संपतो. दोन वर्षांनी ताबा लांबला, बाथरूमच्या भिंतीतून पाणी झिरपलं, तर उत्तर द्यायला तो बांधील नाही, आणि त्याला वाटलं तरी दुबईत त्याला कायदेशीर स्थान नाही. महारेरा, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर देखरेख करणारी आपली राज्य यंत्रणा, तीसुद्धा इथे उपयोगी पडत नाही. महाराष्ट्रात २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली, ही चांगली गोष्ट झाली. पण महारेराचा हुकूम दुबईतल्या इमारतीवर चालत नाही. महारेराचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून दुबईचं घर विकणारा माणूस इथल्या घरांपुरता नोंदणीकृत आहे, इतकंच ते प्रमाणपत्र सांगतं.

तेव्हा विचारायचा तो दुबईचा नंबर. तिथे जमीन खात्याच्या अखत्यारीत २००७ पासून रेरा ही नियामक संस्था आहे. नाव आपल्या रेरासारखंच, पण संस्था पूर्ण वेगळी. एजंटगिरी करायची तर तिथल्या रिअल इस्टेट इन्स्टिट्यूटचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, परीक्षा द्यावी लागते, मग ब्रोकर कार्ड मिळतं. त्या कार्डावर माणसाचा स्वतःचा नोंदणी क्रमांक असतो, त्याला बीआरएन म्हणतात. कंपनीचा वेगळा असतो, तो ओआरएन. जमीन खात्याचं 'दुबई रेस्ट' नावाचं मोफत ॲप आहे. त्यात क्रमांक टाकला की माणूस नोंदलेला आहे का, कोणत्या कंपनीत आहे, हे दिसतं. हे काम घरबसल्या दोन मिनिटांत होतं. हे न करता टोकन देणारी माणसं आहेत, आणि ती अशिक्षित नाहीत; डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, सरकारी खात्यांतून वरच्या पदावर निवृत्त झालेले अधिकारी आहेत. ओळखीतून आलेल्या माणसाचा नंबर तपासणं त्यांना अपमान केल्यासारखं वाटतं. नावाजलेल्या एजंटला मात्र त्यात अपमान वाटत नाही, तो कार्डाचा फोटो आधीच पाठवतो.

जाहिरातीलाही तिथे परवाना लागतो. प्रत्येक जाहिरातीवर त्राखीसी नावाच्या यंत्रणेचा परवाना क्रमांक आणि क्यूआर कोड असायला हवा. यामागे कारण आहे. स्वस्त, सुंदर, समुद्राकडे तोंड असलेलं घर जाहिरातीत दाखवायचं, फोन आला की "ते कालच गेलं हो, पण माझ्याकडे दुसरं आहे" म्हणायचं, हा जुना प्रकार तिथे इतका बोकाळला होता की सरकारला त्यात पडावं लागलं. व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेल्या चित्रात क्यूआर कोड नसेल, किंवा तो उघडल्यावर भलतंच घर निघालं, तर तिथेच थांबावं.

हे सगळे नियम तिथे सुखासुखी आले नाहीत. २००८ पर्यंत दुबईत कागदावरचं घर सकाळी घेऊन संध्याकाळी विकणारे लोक होते. पाया खणायच्या आधी एकेक घर तीन-चार हात फिरे. मग जगभर पैसा आटला, २००९ च्या नोव्हेंबरात दुबई वर्ल्ड या सरकारी कंपनीने कर्जफेड थांबवण्याची मागणी केली, आणि घरांच्या किमती शिखरापासून निम्म्याच्या आसपास आल्या. प्रकल्पच्या प्रकल्प रद्द झाले. रद्द प्रकल्पांतले पैसे कोणाला किती परत द्यायचे हे ठरवायला २०१३ मध्ये खास न्यायाधिकरण नेमावं लागलं. समुद्रात भर घालून खजुराच्या झाडाच्या आकाराचं पाम जेबेल अली बेट उभारायचं काम २००२ मध्ये सुरू झालं होतं. मंदीनंतर ते तसंच पडून राहिलं आणि नव्या आराखड्यासह पुन्हा जाहीर झालं ते २०२३ मध्ये. सुरुवातीला पैसे भरलेल्यांची मधली वर्षं कशी गेली असतील, याचा विचार प्रदर्शनातल्या काचेच्या वसाहतीसमोर उभं राहिल्यावर करावा.

आज बिल्डरकडून घर घेताना दोन गोष्टी खरेदीदाराचं रक्षण करतात, आणि एजंट विश्वासाचा आहे की नाही हे त्या दोन गोष्टी तो कशा हाताळतो यावरून सर्वांत लवकर कळतं. पहिली एस्क्रो खात्याची. २००७ च्या ८ क्रमांकाच्या कायद्याने प्रत्येक प्रकल्पाचं स्वतंत्र खातं बँकेत असावं लागतं. खरेदीदारांचा पैसा त्यात जमा होतो आणि बांधकाम पुढे सरकेल तसा बिल्डरला मिळतो. काम पूर्ण झाल्यावरही ५ टक्के रक्कम वर्षभर राखून ठेवली जाते. तेव्हा पैसे जायचे ते फक्त या खात्यात. एजंटच्या खात्यात नाही, त्याच्या कंपनीच्या खात्यात नाही, मुंबईतल्या कुणाच्या रुपयांच्या खात्यात तर मुळीच नाही. "युनिट अडवून ठेवायला थोडे इकडे टाका, नंतर ॲडजस्ट करू" असं सुचवणारा एजंट कितीही गोड असला तरी तो व्यवहार तिथेच संपवावा. दुसरी गोष्ट नोंदणीची. ताबा मिळण्याआधीच्या विक्रीची नोंद हंगामी नोंदवहीत व्हावी लागते. तिला ओकूद म्हणतात. २००८ च्या १३ क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे अशी नोंद नसलेली विक्री रद्दबातल ठरते. बिल्डरशी केलेला सुंदर बांधणीचा करार म्हणजे नोंद नव्हे. पैसे भरल्यानंतर ओकूदचं प्रमाणपत्र तुमच्या नावाने आलं का, याचा पाठपुरावा करणारा एजंट असतो आणि दलाली पडली की फोन न उचलणाराही असतो.

तयार घराचा रस्ता वेगळा, आणि माझ्या मते दूर राहणाऱ्या माणसासाठी पुष्कळ सरळ. इमारत उभी आहे, भाडं येतंय, शेजारी राहतायत. इथे कागद ठरलेले आहेत. विकणारा आपल्या एजंटशी 'फॉर्म ए' करतो, घेणारा आपल्या एजंटशी 'फॉर्म बी', आणि दोघांमधला खरेदीचा करार 'फॉर्म एफ'. यातला 'फॉर्म बी' आपल्या लोकांना माहीत नसतो, आणि घाईतला एजंटही तो टाळतो. तो करून घ्यावा. त्यात तो तुमच्या बाजूने काम करतोय हे लिहिलेलं असतं, किती दलाली घेणार हे लिहिलेलं असतं. लेखी काही नसेल आणि तोच माणूस विकणाऱ्याचंही काम पाहत असेल, तर तुमच्यासाठी घासाघीस कोण करणार? पुढे अनामत म्हणून साधारण १० टक्क्यांचा धनादेश ठेवला जातो, बिल्डरकडून ना-हरकत पत्र येतं, आणि जमीन खात्याने नेमलेल्या नोंदणी ट्रस्टीच्या कार्यालयात पैसे आणि मालकीपत्र एकाच बैठकीत हात बदलतात.

आता हिशेब मांडतो, कारण प्रदर्शनातला आठ टक्क्यांचा आकडा कॅल्क्युलेटरवर नेमका इथेच बिघडतो. समजा एक बेडरूमचं, साडेसातशे चौरस फुटांचं तयार घर १२ लाख दिरहमला ठरलं. जमीन खात्याचं हस्तांतर शुल्क ४ टक्के म्हणजे ४८,०००; प्रघात म्हणून ते खरेदीदारच भरतो. एजंटचे २ टक्के आणि व्हॅट मिळून २५,२००. ट्रस्टी कार्यालयाचे साधारण ४,२००, मालकीपत्राचे थोडे वेगळे. घर पावणेतेरा लाखांच्या वर गेलं. भाडं वर्षाला ८४,००० आलं असं धरू. इमारतीची देखभाल तिथे चौरस फुटावर आकारतात. १६ दिरहम धरले तर १२,००० गेले. घराकडे लक्ष ठेवणाऱ्या कंपनीला ५ टक्के दिले तर ४,२००. भाडेकरू बदलताना घर महिनाभर रिकामं राहिलं तर ७,०००. रंग, एसी, नळ यांचे तीन-चार हजार. हातात उरले सत्तावन्न हजारांच्या आसपास, म्हणजे गुंतवलेल्या पैशावर साडेचार टक्क्यांच्या आतबाहेर. गुंतवणूक म्हणून हे वाईट नाही, दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे हाही फायदा आहे. पण साडेचार म्हणजे आठ नव्हे. प्रत्येक इमारतीचा मंजूर देखभाल दर जमीन खात्याकडे पाहता येतो. तिथल्या प्रत्यक्ष नोंदलेल्या विक्रीच्या किमतीही पाहता येतात. संकेतस्थळांवर दिसते ती मालकाने मागितलेली किंमत. नोंद होते ती मिळालेली. "याच इमारतीत गेल्या सहा महिन्यांत नोंदलेले व्यवहार दाखवा" एवढी एकच मागणी एजंटकडे करून पाहावी. कामाचा माणूस त्याच दिवशी यादी पाठवतो, आणि कुठला व्यवहार वरच्या मजल्याचा म्हणून महाग, कुठला घाईत विकलेला म्हणून स्वस्त, हेही सांगतो.

इथवरच्या गोष्टी दुबईच्या झाल्या. भारतात राहणाऱ्या खरेदीदाराचं खरं दुखणं भारतात सुरू होतं, आणि या मुद्द्यावर मला बहुसंख्य एजंटांविषयी मनापासून तक्रार आहे. परदेशात घर घ्यायला पैसे पाठवायचे ते रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून, जिला सगळे एलआरएस म्हणतात. माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. दिरहममध्ये ते ९,१८,१२५ होतात. म्हणजे वरच्या उदाहरणातलं १२ लाखांचं घर एका माणसाच्या एका वर्षाच्या मर्यादेत बसतच नाही. पती-पत्नींनी मिळून पाठवावं लागेल. २०२२ च्या नियमांनी नातेवाइकांच्या रकमा एकत्र करायला परवानगी दिली आहे, पण प्रत्येकाचा पैसा त्याच्या स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या मर्यादेत जायला हवा. दहा वर्षांच्या गोल्डन व्हिसासाठी लागणारं २० लाख दिरहमचं घर म्हणजे एका माणसाच्या दोन वर्षांहून जास्त मर्यादेचा पैसा. त्या व्हिसाचा फलक टेबलावर उभा करणाऱ्याने हे गणितही त्याच टेबलावर मांडायला हवं.

मग टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच कापला जाणारा आगाऊ कर. वर्षाला १० लाख रुपयांपुढे पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के कापून घेते. ही १० लाखांची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची. डॉलर ८८ रुपयांचा धरला तर अडीच लाख डॉलर म्हणजे २ कोटी २० लाख, आणि त्यावर ४२ लाखांचा टीसीएस. तो आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो, बुडत नाही. पण तोवर हे ४२ लाख वेगळे उभे करावे लागतात. निवृत्तीचे पैसे नेमके मोजून आलेल्या काकांना हे बँकेच्या खिडकीशी कळतं, बुकिंगची रक्कम गेल्यानंतर.

याहून नाजूक गोष्ट हप्त्यांची. भारतीय बँक या योजनेखाली परदेशात घर घ्यायला कर्ज देऊ शकत नाही. बिल्डर मात्र ताबा दिल्यानंतर तीन-चार वर्षं हप्ते भरायची सवलत जाहिरातीत ठळक छापतो. ताबा आधी, पैसे नंतर, ही उधारी झाली का, असा प्रश्न परकीय चलनाच्या फेमा कायद्याखाली उभा राहतो, आणि जाणकार सनदी लेखापाल अशा योजनांपासून सावध करतात. क्रेडिट कार्डावर बुकिंग, आभासी चलनात पैसे, "इथे रुपये द्या, तिथे दिरहम भरले जातील" असा हवाला, हे सगळे मार्ग प्रदर्शनांत दबक्या आवाजात सुचवले जातात. हवाला सुचवणारा एजंट स्वतः काही धोका घेत नाही. नोटीस येते ती खरेदीदाराच्या पत्त्यावर, आणि ती बँकेची नसते, अंमलबजावणी संचालनालयाची असते.

"दुबईत कर नाही" हेही अर्धंच सांगितलं जातं. दुबईत नाही, पण भारतात राहणाऱ्या माणसाचं जगभरातलं उत्पन्न भारतात करपात्र असतं. तिकडचं भाडं इथे दाखवावं लागतं, विकल्यावरचा नफाही. शिवाय दरवर्षी विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तांच्या तक्त्यात घर नोंदवावं लागतं. २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली ही नोंद चुकली तर १० लाखांचा दंड होऊ शकतो. २०२४ मध्ये २० लाखांपर्यंतच्या मालमत्तांना या दंडातून सूट मिळाली, पण त्या सवलतीतून स्थावर मालमत्ता मुद्दाम वगळली आहे. एजंट हा कर सल्लागार नव्हे, त्याच्याकडून सगळे तपशील मागणं योग्य नाही. पण एवढी अपेक्षा रास्त आहे, की भारतात राहणारं गिऱ्हाईक समोर बसलं की त्याने पहिल्या पंधरा मिनिटांत विचारावं: पैसे कुठल्या खात्यातून, किती जणांच्या नावाने, कोणत्या वर्षात पाठवणार? सीएशी बोललात का? हा प्रश्न विचारल्याने त्याची विक्री महिनाभर लांबते, प्रसंगी बुडते. तरीही जो विचारतो, तो पुढच्या दहा वर्षांच्या कामाचा माणूस आहे.

इतर देशांत हीच चौकशी वेगळ्या कागदांनी होते. पोर्तुगालमध्ये एजंटला एएमआय परवाना क्रमांक लागतो आणि तो सरकारी नोंदीत तपासता येतो. ब्रिटनमध्ये परवाना नाही, पण तक्रार निवारण योजनेचं सदस्यत्व सक्तीचं आहे. तिथे वकिलाचं काम मोठं, एजंट हा उघडपणे विकणाऱ्याचाच माणूस. घरावर मिळणारा पोर्तुगालचा व्हिसा ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाला, स्पेनचा एप्रिल २०२५ मध्ये. अजूनही त्यांची आशा दाखवणारा एजंट एकतर बेसावध आहे किंवा खोटा. थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही, आणि सदनिकाही इमारतीच्या ४९ टक्के क्षेत्रापर्यंतच. तिथे "कुणा स्थानिकाच्या नावावर घेऊ" म्हणणारा तुम्हाला बेकायदा वाटेवर नेतोय.

पुन्हा दुबईकडे. वकील वेगळा नेमावा, आणि तो एजंटने सुचवलेला नसावा. करारातली ताबा लांबल्यास काय हे सांगणारी कलमं, बिल्डरला मुदतवाढ घ्यायची किती मोकळीक आहे, हे वाचायला त्याचे चार पैसे जातील. जाता येत नसेल तर कुलमुखत्यारपत्राचा प्रश्न येतो. ते परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि अमिरातीच्या वकिलातीकडून साक्षांकित व्हावं लागतं. ते एजंटच्या नावाने कधीच देऊ नये. नात्यातलं कुणी तिथे असेल त्याच्या नावाने, एकाच घरापुरतं, एकाच कामापुरतं द्यावं. "सगळे अधिकार लिहून दिलेत की तुम्हाला त्रास नाही" असं म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणावं. आणि शक्य असेल तर एकदा जाऊन यावं. मुंबईहून तीन तासांचा प्रवास आहे. इमारतीखाली संध्याकाळी उभं राहावं, पहारेकऱ्याशी बोलावं, किती खिडक्यांत दिवे आहेत ते पाहावं. तिथे राहणारी आपली मराठी माणसं खूप आहेत, आणि कोणती इमारत चांगली ठेवली जाते, कुठे लिफ्ट सारखी बंद असते, कूलिंगचं बिल कुठे वेगळं येतं, हे ती खुलेपणाने सांगतात. आपला माणूस म्हणून ऐकायचं ते त्यांचं, कारण त्या सांगण्यातून त्यांना काही मिळत नाही.

एजंटची आणखी एक पारख त्याला "काय घेऊ नको?" असं विचारून होते. प्रत्येक बाजारात न घेण्यासारख्या जागा असतात. कुठे एकाच वेळी हजारो घरांचा ताबा येणार असतो आणि भाडी पडणार असतात, कुठे मेट्रो नुसती नकाशावर असते, कुठे बिल्डरचा पहिलाच प्रकल्प असतो. दोन-तीन नावं घेऊन, कारणांसकट, हे घेऊ नका असं सांगू शकणारा एजंट बाजार ओळखतो आणि दलाली सोडायलाही तयार असतो. सगळंच चांगलं म्हणणाऱ्याकडून काहीच कळत नाही.

व्यवहारानंतरच्या गोष्टी प्रदर्शनात कुणीच काढत नाही, आणि त्यांतल्या दोन टाळून चालत नाहीत. मालकाच्या पश्चात घराचं काय होणार? मुस्लिमेतरांसाठी दुबईच्या डीआयएफसी वित्तीय केंद्रात २०१५ पासून मृत्युपत्र नोंदवण्याची सोय आहे. ते नसेल तर पुण्यातल्या वारसांना तिथल्या न्यायालयात कागद सिद्ध करत बसावं लागतं, भाषांतरं, साक्षांकनं, वकील, आणि तोवर भाडं आणि घर दोन्ही अडकून पडतं. पती-पत्नी दोघांच्या नावाने घर घेतलं तरी हा प्रश्न सुटत नाही. खरेदीच्या वेळीच मृत्युपत्राचा खर्च हिशेबात धरा असं सुचवणारा एजंट फार थोड्यांना भेटतो.

दुसरी गोष्ट विक्रीची. घर विकून आलेला पैसा, परदेशात नियमाप्रमाणे पुन्हा गुंतवला नाही तर, १८० दिवसांत भारतात आणावा लागतो. विकतानाही एजंट लागतोच, त्या वेळी 'फॉर्म ए' तुमच्या नावाने होतो. घर घेऊन देणाऱ्याकडेच ते विकायला द्यायचं की नाही, हे तोवर तुम्हाला ठाऊक झालेलं असतं. ओकूदचं प्रमाणपत्र त्याने मागे लागून आणून दिलं होतं का, भाडेकरू गेला त्या महिन्यात फोन उचलला होता का, देखभालीचा दर वाढल्याचं त्याने स्वतःहून कळवलं होतं का. ज्यांनी सात-आठ वर्षांपूर्वी घर घेतलंय आणि आज विकतायत अशा दोन गिऱ्हाइकांचे फोन नंबर त्याच्याकडे मागावेत, आणि ते बुकिंगच्या आधी मागावेत.